पांढरी सायकल काय सांगते? रस्त्यावर गेलेल्या सायकलस्वाराची आठवण आणि वेगाचं गणित

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेली काही वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी आवरून घेतली आहेत.)

हेडफोन लावून हा भाग ऐकत असाल आणि त्याच वेळी रस्त्यावर सायकल किंवा गाडी चालवत असाल, तर आधी पॉज करा. घरी पोहोचा, मग ऐका. आपण कुठे जात नाही. आजचा विषयच तसा आहे.

एक बातमी, दोन दिवसांची

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला, त्यांना ‘पेंटियम’ हा शब्द नक्की आठवत असेल. कॅबिनेटवर तो छोटा स्टिकर असायचा आणि पाहुण्यांना तो मुद्दाम दाखवला जायचा. त्या पेंटियम चिपच्या डिझाइनमध्ये मोठा वाटा असलेले इंजिनियर म्हणजे अवतार सैनी. त्याआधी इंटेलच्या ३८६ आणि ४८६ या चिप्सवरही त्यांनी काम केलं होतं. पुढे ते इंटेलच्या भारतातल्या कामाचे प्रमुख झाले.

२८ फेब्रुवारी २०२४. पहाटे सहाला काही मिनिटं बाकी. नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रोडवर सैनी सोबतच्या सायकलस्वारांबरोबर सायकल चालवत होते. मागून वेगाने आलेल्या एका कॅबने त्यांना धडक दिली. त्यात ते गेले. वय ६८. पोलिसांनी चालकावर गुन्हा नोंदवला.

देशभर बातमी झाली. मोठमोठ्या लोकांनी श्रद्धांजली वाहिली, त्यांच्या कामाबद्दल लिहिलं गेलं. आणि दोन दिवसांत बातमी मागे पडली. याच देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. सैनींची निदान बातमी तरी झाली. कामावर निघालेला वॉचमन, दूधवाला, शाळेत जाणारी मुलगी यांच्या वाट्याला आतल्या पानावरच्या चार ओळी येतात. कधी त्याही नाहीत.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘काय करणार, त्याची वेळच आली होती.’ घरच्यांचं सांत्वन करायला ते ठीक आहे. पण रस्त्याचा विचार करायला बसलो, तर हे वाक्य फार घातक आहे. कारण वेळ आली म्हटलं की पुढचे सगळे प्रश्नच संपतात. रस्ता कसा होता, गाडीचा वेग किती होता, तिथे तितक्या वेगाने जाता येतं हे कोणी ठरवलं, यातलं मग काहीच कोणी विचारत नाही.

पांढऱ्या सायकलीची गोष्ट

जगात काही सायकलस्वारांनी हे प्रश्न जिवंत ठेवायची एक साधी रीत काढली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात एका माणसाच्या डोळ्यांसमोर एका गाडीने सायकलवरच्या बाईला उडवलं. त्याने एक जुनी सायकल पूर्ण पांढरी रंगवली, त्याच जागी नेऊन ठेवली आणि इथे सायकलस्वाराला धडक बसली, अशी पाटी लावली. त्याच्या लक्षात आलं, की ती सायकल बघून गाड्या हळू होतायत. मग त्याने मित्रांना सोबत घेऊन शहरात आणखी ठिकाणी अशा सायकली ठेवल्या. आज जगातल्या कित्येक शहरांत अशा पांढऱ्या सायकली दिसतात. इंग्रजीत त्यांना ‘घोस्ट बाइक’ म्हणतात.

त्याच वर्षी अमेरिकेतच, डॅलसमध्ये, दुसरी एक रीत सुरू झाली. एक सायकलस्वार बसच्या आरशाचा फटका बसून गेला होता. त्याच्या आठवणीत लोक सायकली घेऊन निघाले. ना घोषणा, ना घंटी, एक शब्दही नाही. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी वेगवेगळ्या देशांत ही ‘राइड ऑफ सायलेन्स’ निघते. आणि नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्त्यावर गेलेल्या सगळ्यांच्याच स्मरणाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये मान्य केला आहे.

आता गंमत बघा. ही पांढरी सायकल कुठे ठेवतात? स्मशानात नाही, घराजवळच्या चौकातही नाही. जिथे माणूस गेला त्याच जागी. म्हणजे आठवण माणसाची आहे, पण बोट रस्त्याकडे दाखवलेलं आहे.

वेग मजल्यांत मोजा

त्या बोटाच्या दिशेने आपणही बघूया. शाळेतलं सूत्र आठवतंय? वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. हे पाठ असतं सगळ्यांना, पण अंगावर येत नाही. म्हणून ते किलोमीटरऐवजी मजल्यांत मोजू.

किती उंचावरून पडलं, की जमिनीवर आदळताना तितका वेग असतो, ते बघा :

- ताशी ३० किमी : साधारण साडेतीन मीटर. पहिल्या मजल्याची गॅलरी.
- ताशी ६० किमी : साधारण १४ मीटर. चौथा-पाचवा मजला.
- ताशी ९० किमी : साधारण ३२ मीटर. दहावा मजला.

हिशेब ढोबळ आहे. सायकलही त्याच दिशेने चालली असेल, तर दोघांच्या वेगातला फरक धरायचा, म्हणजे आकडा थोडा कमी होतो. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला मात्र पूर्ण लागू. पहिल्या मजल्यावरून पडलेला माणूस हातपाय मोडून का होईना, वाचण्याची बरीच आशा असते. दहाव्या मजल्यावरून पडणाऱ्याला आपण ‘हेल्मेट घातलं होतं का?’ असं विचारत नाही. सायकलस्वार गेला की पहिला प्रश्न मात्र तोच असतो.

गैरसमज नको, हेल्मेट घालाच. खड्ड्यात चाक गेलं, ओल्या रस्त्यावर घसरलात, तर डोकं वाचवणारी वस्तू तीच आहे. पण ताशी नव्वदने येणाऱ्या गाडीपुढे तिचा फार उपयोग नाही. तिथे माणूस वाचतो तो गाडीच्या ब्रेकमुळे.

मग ब्रेक लागतो कधी?

समोर काहीतरी आहे हे दिसणं, ते काय आहे हे मेंदूला कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात साधारण दीड सेकंद जातो. ताशी ६० ला गाडी त्या दीड सेकंदात २५ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या, इतकं अंतर. आणि अजून ब्रेक लागायचाय! कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक दाबला, तर थांबायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ४५.

ताशी ३० ला हेच सगळं १७-१८ मीटरमध्ये आटपतं. ताशी ९० ला मात्र ८० मीटरच्या वर जातं.

आता यात पहाट मिसळा. हेडलाइट लो बीमवर असेल, तर गडद कपड्यातला माणूस साधारण ४० ते ६० मीटरवर दिसतो. थांबायला हवेत ८० मीटर, दिसतंय ५० मीटर. म्हणजे नव्वदने जाणारा चालक, त्याला कळो न कळो, न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असतो. अशा वेळी ‘तो अचानक समोर आला’ हे चालकाचं म्हणणं त्याच्यापुरतं खरंही असतं. सायकलस्वार मात्र कुठून उगवलेला नसतो, तो कधीपासून तिथेच असतो. गाडी त्याच्यावर अचानक आलेली असते.

सैनींच्या बाबतीत गाडीचा वेग नेमका किती होता, हे ठरवणं तपासाचं आणि कोर्टाचं काम आहे. आपण इथे बसून निकाल देऊ नये. पण पाम बीचसारखा रस्ता बघा : सरळ, रुंद, एका बाजूला खाडीची तिवरं, पहाटे जवळपास रिकामा. पाटीवर काहीही लिहिलेलं असो, असा रस्ता पायाला सांगतो, ‘दाब!’ आणि पहाटेच सायकलवालेही बाहेर पडतात, कारण दिवसा त्यांना रस्त्यावर जागाच नसते. रिकामा रस्ता दोघांनाही बोलावतो. वेगळी सायकल लेन नसेल, मध्ये कठडा नसेल, तर बाकी सगळं मग चालकाच्या लक्षावर सोडलेलं असतं.

आणि माणसाचं लक्ष जातंच. झोप अनावर होते, फोन वाजतो, डोळ्यांत उजेड येतो. चूक करणाराच माणूस गाडी चालवणार आहे, हे गृहीत धरून रस्ता बांधायला हवा. कमी वेगात चूक माफ होते, जास्त वेगात होत नाही. आजच्या भागातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

हे बदलतं का? नेदरलँड्सला विचारा

‘तिकडे सगळे सायकलवालेच असतात, त्यांची संस्कृतीच तशी’, असं आपण नेदरलँड्सबद्दल म्हणतो. पण १९७१ मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यात चारशेहून जास्त मुलं होती. गाड्या वाढत होत्या, रस्ते रुंद होत होते, सायकली कडेला ढकलल्या जात होत्या. आपल्या पुण्याची आठवण झाली ना? एकेकाळचं सायकलींचं शहर!

तिथल्या एका पत्रकाराची लहान मुलगी सायकलवरून शाळेत जाताना गाडीखाली गेली. त्याने लेख लिहिला. शीर्षकाचा अर्थ होता, ‘मुलांच्या हत्या थांबवा’. बघा, त्याने ‘अपघात’ हा शब्दच नाकारला. त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांनी गल्ल्या अडवल्या. पुढे १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला आणि सरकारलाही गाड्यांवरचा भार कमी करणं भाग पडलं. हळूहळू वस्त्यांमधले रस्ते मुद्दाम अरुंद आणि वळणाचे झाले, मोठ्या रस्त्यांना वेगळे सायकल मार्ग आले, वस्तीत ताशी ३० ची मर्यादा आली. आज तिथे गाड्या तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि वर्षाला रस्त्यावर जाणाऱ्यांची संख्या सातशेच्या आसपास आहे. त्यातही सायकलस्वार बरेच असतात, म्हणजे काम संपलेलं नाही. पण वेळ येण्याचं प्रमाण माणसांनी खाली आणलं.

आपल्या हातात काय?

गाडी किंवा बाइक चालवत असाल तर :

- सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवा. म्हणजे साधारण दोन्ही हात पसरल्यावर होतं तितकं अंतर. तेवढी जागा नसेल, तर मागे थांबा. दहा सेकंद जातील.
- उभ्या गाडीचं उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडा. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. नेदरलँड्सची ही सवय, आपल्याकडेही फुकट आहे.
- कॅबमध्ये मागे बसला असाल, तर ‘दादा, जरा सावकाश, घाई नाही’ म्हणा. आणि पार्सल दहा मिनिटं उशिरा आलं म्हणून एक स्टार देऊ नका. तो वेग आपणही मागवलेला असतो.

सायकल चालवत असाल तर :

- मागे लाल दिवा, पुढे पांढरा. पायाच्या घोट्यावर चमकणारी पट्टी लावा. वरखाली हलणारा उजेड लांबून ओळखू येतो.
- वळणाऱ्या ट्रक किंवा बसच्या डावीकडे, म्हणजे क्लीनरच्या बाजूला, कधीही घुसू नका. तिथे चालकाला तुम्ही दिसतच नाही.
- दोन्ही कानांत इअरफोन नको. हो, आमचा पॉडकास्टसुद्धा नको!

आणि समोर कोणी पडलेलं दिसलं तर व्हिडिओ नंतर, आधी फोन. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं कलम १३४-अ आणि त्याखालचे नियम सांगतात, की मदत करणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होणार नाही आणि त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे. ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून पुढे निघून जायचं कारण आता उरलेलं नाही.

शेवटची गोष्ट थोडी कंटाळवाणी आहे, पण सगळ्यात उपयोगाची. तुमच्या रोजच्या वाटेवर जिथे दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी पडतं, ती जागा तुम्हाला माहीत असते. तिचा फोटो, वेळ आणि काय घडतं याच्या दोन ओळी वॉर्ड ऑफिसला आणि वाहतूक पोलिसांना लेखी द्या. पोच घ्या. महिन्याने पुन्हा विचारा. मागायचं काय, तर गतिरोधक, वेगमर्यादेची पाटी, दिवा, सायकलसाठी वेगळी पट्टी, आणि ती पट्टी असेलच तर तिच्यावरचं पार्किंग उठवणं. कुणी जायची वाट बघून मग पांढरी सायकल ठेवण्यापेक्षा हे अर्ज बरे.

आपल्याकडे घरातून निघणाऱ्याला ‘सावकाश जा’ म्हणायची पद्धत आहे. सवयीने म्हणतो, ऐकणारा सवयीने ‘हो’ म्हणतो. आज हा भाग एकाच माणसाला पाठवा, सायकल चालवणाऱ्याला नाही, तुमच्या ओळखीत सगळ्यात जोरात गाडी हाकणाऱ्याला.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, सावकाश जा.