ज्येष्ठांचा वाहन परवाना : मुदत संपण्यापूर्वी आणि संपल्यानंतर

निवृत्तीनंतर घरातील कागदपत्रांचा एक स्वतंत्र संसार सुरू होतो. मुदत ठेव कोणत्या तारखेस परिपक्व होते, हे ज्येष्ठ नागरिकांना तोंडपाठ असते. नोव्हेंबर उजाडला की निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी न चुकता बँकेत येतात. विम्याच्या हप्त्याची आणि घरपट्टीची आठवण देणारेही कोणीतरी असते. त्याच कपाटात ठेवलेला वाहन चालविण्याचा परवाना मात्र कधी मुदतबाह्य झाला, हे बहुधा कोणाच्याच ध्यानात येत नाही. वडील चाळीस वर्षे गाडी चालवीत आले आहेत, त्यांना कोण अडविणार, अशी सर्वांची समजूत असते. ती अपघाताच्या किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी खोटी ठरली, तर त्याची किंमत सबंध कुटुंबाला मोजावी लागते.

मुदतीचे गणित

मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये खासगी वाहनाच्या परवान्याची मुदत धारकाच्या वयावर अवलंबून असते. मूळ तरतुदीनुसार परवाना २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत वैध असे. पन्नाशीनंतर तो दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावा लागे. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने हे टप्पे बदलले. तिशीच्या आत घेतलेला परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत आणि ३० ते ५० या वयात घेतलेला दहा वर्षे चालतो. ५० ते ५५ या वयात दिलेला परवाना साठाव्या वर्षापर्यंत वैध राहतो. ५५ व्या वर्षानंतर प्रत्येक वेळी पाचच वर्षांची मुदत मिळते.

उदाहरणार्थ, ६६ व्या वर्षी नूतनीकरण केलेल्या परवान्याची मुदत ७१ व्या वर्षी संपते. तरुणपणी वीस वर्षे परवान्याकडे पाहावे लागले नाही, ही सवय इथे अंगलट येते. कायद्यात वयाची कमाल मर्यादा नाही. प्रकृती धडधाकट असेल, तर ऐंशीच्या घरातील व्यक्तीसही नूतनीकरण मागता येते.

करोनाच्या काळात अनेकांचे परवाने मुदतबाह्य झाले. १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपलेल्या परवान्यांना केंद्र शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिली होती. ती सवलत ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी संपली. त्या आधाराने अद्याप कोणी वाहन चालवीत असेल, तर तो गैरसमज तातडीने दूर करावयास हवा.

एका वर्षाचा खरा अर्थ

मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ती संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. या तरतुदीचा अर्थ अनेकजण चुकीचा लावतात. हे वर्ष अर्जासाठी आहे, वाहन चालविण्यासाठी नव्हे. पूर्वीच्या कायद्यात मुदत संपल्यावरही परवाना ३० दिवस परिणामकारक मानला जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले. म्हणून जुन्या सवलतीवर भिस्त ठेवू नये आणि परवान्यावरील अखेरची तारीख हीच आपली मर्यादा मानावी.

एक वर्षाहून अधिक विलंब झाल्यास परिवहन अधिकारी वाहन चालविण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्याविना नूतनीकरण नाकारतात. पूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती. वयाच्या सत्तरीत नवशिक्या उमेदवारांच्या रांगेत उभे राहून चाचणी देणे अनेकांना अवघड वाटते. वेळेत केलेल्या अर्जाने ही वेळ टळते.

विमा आणि कुटुंबाची जोखीम

वैध परवान्याशिवाय वाहन चालविल्याबद्दलचा दंड २०१९ मध्ये ५०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आला. वाहन मुलाच्या नावावर असेल आणि वडिलांचा परवाना मुदतबाह्य असेल, तर वाहन चालवू दिल्याबद्दल मालक म्हणून मुलगाही दोषी ठरू शकतो. त्याच्यासाठीचा दंडही त्याच वर्षी १,००० वरून ५,००० रुपयांवर नेण्यात आला.

खरा धोका याहून मोठा आहे. मोटार विम्याच्या करारात अपघातसमयी चालकाजवळ परिणामकारक परवाना असावा, अशी अट असते. ती मोडल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. तृतीय पक्षाच्या बाबतीत, नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली महत्त्वाचा निकाल दिला. परवान्यातील त्रुटीमुळे अपघातग्रस्तास भरपाईपासून वंचित ठेवता येत नाही, मात्र अट मालकाच्या कसुरीमुळे मोडल्याचे सिद्ध झाल्यास विमा कंपनी दिलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते, असे त्याचे सार आहे. अशी वसुली आयुष्यभराची बचत संपवू शकते.

मालक-चालकासाठी वैयक्तिक अपघात विमाही असतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१८ साली त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये ठरविली. हे संरक्षणसुद्धा परिणामकारक परवाना असलेल्या मालकासच मिळते. पश्चात राहिलेल्या पत्नीच्या दृष्टीने या रकमेचे मोल किती असेल, हे सांगावयास नको.

नूतनीकरणाची रीत

अर्ज केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीवर करता येतो. जुना परवाना, वय व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र आणि वैद्यकीय दाखला यांची आवश्यकता असते. २०१६ मध्ये केंद्रीय नियमांत झालेल्या बदलानुसार नूतनीकरणाचे मूळ शुल्क २०० रुपये व स्मार्ट कार्डाचे २०० रुपये ठरले. विलंब झाल्यास अधिक आकारणी होते. चाचणीची गरज नसलेले नूतनीकरण, आधार प्रमाणीकरण केल्यास कार्यालयात न जाता घरबसल्या करता येईल, अशी सोय मार्च २०२१ मध्ये जाहीर झाली. आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक चालू आहे ना, हे त्यासाठी आधी पाहून घ्यावे.

मुलांकडे बंगळूरु, इंदूर किंवा दिल्ली येथे राहावयास गेलेल्या पालकांनी मूळ गावच्या कार्यालयातच जावे लागेल, असे समजू नये. कायद्यानुसार अन्य परिवहन कार्यालयही नूतनीकरण करू शकते आणि मूळ कार्यालयास तसे कळविते. परवाना जुन्या हस्तलिखित पुस्तिकेच्या स्वरूपात असेल, तर त्याची नोंद सारथीवर आहे का, हे सर्वप्रथम तपासावे. नोंद नसल्यास ती मूळ कार्यालयाकडून करून घ्यावी लागते व त्यात वेळ जातो. मुदतीपूर्वी काही महिने कामास लागणे इष्ट, ते याचसाठी.

दाखला : केवळ उपचार नव्हे

वयाची चाळिशी ओलांडलेल्या अर्जदारास ‘नमुना १-अ’ मधील वैद्यकीय दाखला जोडावा लागतो. तो नोंदणीकृत डॉक्टरांनी तपासणी करून द्यावयाचा असतो. स्वच्छ दिवसाच्या उजेडात २५ मीटर अंतरावरील मोटारीचा क्रमांक वाचता येतो का, तांबडा व हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू किती येते, हातापायांत काही दोष आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे त्यात द्यावी लागतात.

एखाद्या मध्यस्थाकडून तपासणीविना हा दाखला मिळविणे म्हणजे आपल्याच आईवडिलांची फसवणूक होय. मोतीबिंदू, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणे, मानेचा आखडलेपणा, गुंगी आणणारी औषधे, यांविषयी घरात उघडपणे बोलण्याची ही योग्य संधी आहे. मुलांनी “आता गाडी नको” असा निर्णय ऐकविण्यापेक्षा तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने एकत्र विचार करावा. चष्मा बदलणे वा शस्त्रक्रिया करून घेणे, केवळ दिवसा व ओळखीच्या रस्त्यावर गाडी चालविणे, असे मधले मार्गही असतात. परवान्यावरील एखाद्या प्रकारच्या वाहनाचा हक्क स्वेच्छेने परत करण्याचीही सोय आहे. मोटारसायकल सोडून मोटार ठेवणे त्यामुळे शक्य होते.

बँकेच्या नोंदीतील परवाना

वाहन परवाना हा ‘आपला ग्राहक ओळखा’ या प्रक्रियेतील अधिकृत वैध दस्तऐवजांपैकी एक आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार नोंदींचे नियतकालिक अद्ययावतीकरण होते तेव्हा खात्यास जोडलेल्या दस्तऐवजाची मुदत संपलेली असल्यास नव्या ग्राहकाप्रमाणे पडताळणी करावी लागते. म्हणून नूतनीकरण झाल्यावर नव्या परवान्याची प्रत शाखेत द्यावी. वाहन न चालविण्याचे ठरविलेल्यांनी आधार, पारपत्र वा मतदार ओळखपत्र यांपैकी एखाद्या दस्तऐवजाची नोंद करून घ्यावी. शाखेतील सेवकवर्गानेही ज्येष्ठ ग्राहकाच्या परवान्यावरील तारीख उलटलेली आढळल्यास नोंदीपुरतेच न थांबता ती त्यांच्या निदर्शनास आणावी.

मुदत ठेवीच्या तारखा ज्या वहीत लिहिल्या जातात, त्याच वहीत आईवडिलांच्या परवान्याची अखेरची तारीख आणि तिच्या सहा महिने आधीची तारीख लिहून ठेवावी. डोळ्यांची तपासणी, कागदपत्रांची जुळवाजुळव आणि मोकळेपणाने बोलणे, या तिन्ही गोष्टींना तेवढा अवधी पुरेसा असतो.