वायफायचा दोष खालून वर शोधावा
जुना लॅपटॉप, मुक्त प्रणाली : लेखांक ६

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१४ ते २०१७ च्या दरम्यान घेतलेले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका तारखेने निकालात निघाले. भांडुप पश्चिमेला टेंभीपाडा, कोकण नगर, तुळशेत पाडा अशा वस्त्यांमध्ये हा लॅपटॉप बहुतेकदा थोरल्याच्या डिप्लोमासाठी हप्त्यांवर घेतलेला असतो आणि आता धाकट्याच्या किंवा धाकटीच्या वाट्याला येतो. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मुक्त प्रणाली चढवली की यंत्र पुन्हा चपळ होते, मराठी अक्षरे नीट दिसतात, आवाज येतो. वायफाय मात्र लागत नाही. ‘लिनक्सवर वायफाय चालत नाही’ असा शेरा मारून यंत्र परत माळ्यावर जाते. हा शेरा चुकीचा आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे. वायफाय ही एकच एक गोष्ट नाही, ती सात-आठ कड्यांची साखळी आहे. त्यातली सहसा एकच कडी तुटलेली असते, आणि ती कोणती हे मुक्त प्रणाली स्वतःहून नोंदवून ठेवते. आपण विचारण्याचा क्रम तेवढा सांभाळायचा.

सर्वांत खाली कार्ड, म्हणजे लॅपटॉपच्या पोटातला वायरलेसचा छोटा तुकडा. त्याला कामाला लावणारा ड्रायव्हर त्याच्या वर. त्यानंतर फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेंदूत भरायची फाइल. मग रेडिओ चालू आहे की बंद, सिग्नल पोचतो की नाही, पासवर्डची देवाणघेवाण जुळते की नाही, राउटर पत्ता देतो की नाही, आणि सर्वांत वर संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता शोधणारी डीएनएस सेवा. नळाला पाणी नसले की भांडुप संकुलातून पाणी सुटले का, सोसायटीच्या टाकीत चढले का, की आपलाच नळ तुंबला आहे, हे आपण टप्प्याटप्प्याने पाहतो. इथेही तेच करायचे. खालून वर जाण्याला कारण आहे. खालची कडी तुटली की वरच्या सगळ्या आपोआप तुटल्यासारख्या दिसतात, पण वरची तुटल्याने खालची कधी बिघडत नाही. सुरुवातीलाच दोन गोष्टी करून घ्याव्यात. त्याच वायफायवर फोनला नेट मिळते का ते पाहावे, आणि मग फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. पहिल्या गोष्टीने राउटर आणि केबलवाला बहुतांशी निर्दोष ठरतात. दुसरीने लॅपटॉपला वायफायशिवाय नेट मिळते, आणि पुढची दुरुस्ती करायला ते लागणारच आहे.

आता टर्मिनल उघडून, रोमन लहान अक्षरांत, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या जोडासह द्यावी. लांबलचक यादी येते. त्यात ‘नेटवर्क कंट्रोलर’ अशी ओळ शोधावी. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात अपूर्णविरामाने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. लॅपटॉपच्या झाकणावरचे नाव विसरून जावे. दोष शोधताना हे आकडे हीच खरी जात. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या चिपा बसवलेल्या असतात, म्हणून शेजाऱ्याचा तोच लॅपटॉप बिनतक्रार चालतो आणि आपला अडतो. त्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असे लिहून पुढे नाव असेल तर पहिल्या दोन कड्या शाबूत आहेत. ती ओळच नसेल तर कार्ड आहे, पण त्याला चालवणारे कोणी नाही. आणि कार्डाचीच ओळ नसेल तर ते यूएसबीच्या वाटेने जोडलेले असू शकते. ते ‘एलएसयूएसबी’ने पाहावे. तिथेही नसेल तर मामला यंत्राच्या पोटातला आहे, आणि कुठलीही आज्ञा टाइप करून तो सुटणार नाही.

ड्रायव्हर नसण्याचे कारण लिनक्सच्या आळसात शोधणे अन्यायाचे आहे. ब्रॉडकॉमने वर्षानुवर्षे आपल्या चिपांची माहिती दिली नाही. स्वयंसेवकांनी कंपनीच्याच बंदिस्त ड्रायव्हरचे वर्तन उलगडून बी४३ हा ड्रायव्हर घडवला, आणि सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने काही नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला. तरीही पुढे स्वस्त लॅपटॉपांत सर्रास आलेल्या बीसीएम ४३१४२ या चिपला (आकडे १४ई४:४३६५) आजही ‘डब्ल्यूएल’ हा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. उबुंटू आणि मिंटमध्ये तो ‘ड्रायव्हर’ खिडकीतून दोन क्लिकमध्ये बसतो, फक्त त्या वेळी फोनचे नेट जोडलेले हवे. बसवूनही चालला नाही तर सिक्युअर बूट पाहावे: बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसली की यंत्र तो नाकारते, ‘की वॉज रिजेक्टेड’ अशी नोंद होते, आणि बसवताना विचारलेला पासवर्ड पुढच्या बूटच्या निळ्या पडद्यावर देऊन ती सही मान्य करावी लागते. घाईत लोक तो निळा पडदा एंटर दाबून पुढे ढकलतात आणि मग ड्रायव्हरलाच नावे ठेवतात. रिअलटेकची गोष्ट आणखी बोलकी आहे. आरटीएल ८८२१सीई या चिपला ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या ५.९ कर्नलपर्यंत लिनक्सच्या या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जागाच नव्हती. त्या आवृत्तीपासून ती काहीही न करता चालू लागली. म्हणजे ‘चालत नाही’ या तक्रारीला तारीख असते, आणि पुष्कळदा नवी आवृत्ती हेच औषध असते. फर्मवेअरचेही तसेच. ‘डीमेसेज’ने नोंदवही उघडली की ‘फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ असे दिसते. तो उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, एवढेच. डेबियन या दुसऱ्या मुक्त प्रणालीने आपल्या तत्त्वापायी या बंदिस्त फाइली अधिकृत प्रतीबाहेर ठेवल्या होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान होऊन ते धोरण बदलले आणि १० जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या प्रतीतच येतात. तत्त्व सोडल्याची हळहळ काहींना वाटली. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण पहिल्याच दिवशी नेट न मिळालेला माणूस तत्त्व ऐकायला थांबत नाही.

आता एक दोष जवळून पाहू, कारण गैरसमज कसा जन्मतो ते त्यात स्पष्ट दिसते. आरटीएल ८७२३बीई ही चिप २०१४ ते २०१७ च्या काळातल्या अनेक स्वस्त लॅपटॉपांत, एचपीच्या काही मॉडेलांतही आहे. कार्डावर अँटेना जोडायच्या जागा दोन, पण खर्च वाचवण्यासाठी पडद्याच्या कडेने आणलेली तार एकच. ती कोणत्या जागी जोडली आहे हे कार्डाच्या स्मृतीत लिहिलेले असायला हवे. काही यंत्रांत ते चुकीचे लिहिलेले आहे. ड्रायव्हर बिचारा त्यावर विश्वास ठेवून रिकाम्या जागेकडे कान लावून बसतो. लक्षण असे की राउटरशेजारी बसले की वायफाय लागते आणि स्वयंपाकघरात गेले की नाहीसे होते. घरचे लोक भिंतीला दोष देतात, राउटर उंचावर टांगतात, नवा राउटरही घेतात. खरी परीक्षा सोपी आहे. ‘आयडब्ल्यू डेव्ह’ने कार्डाचे नाव कळते, ते घालून ‘लिंक’ विचारले की सिग्नलचा उणे आकडा मिळतो, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बळकट. राउटरपासून दोन हातांवर तो उणे चाळीस-पन्नासच्या आसपास असायला हवा. तिथेच तो उणे सत्तरच्या पलीकडे असेल तर मध्ये भिंतच नाही, मग भिंतीचा दोष कसा? उपाय एका ओळीचा आहे: ईटीसी फोल्डरातल्या मॉडप्रोब.डी मध्ये नवी फाइल करून तीत ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’ लिहायचे आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे; फरक पडला नाही तर दोनच्या जागी एक. सिग्नल एकदम उसळी घेतो. इथे चूक लिनक्सची नाही आणि राउटरचीही नाही. एक तार वाचवून चुकीची नोंद ठेवणाऱ्या कारखान्याची आहे.

‘पण आमच्या इथे गर्दीच एवढी आहे,’ हा आक्षेप भांडुपमध्ये रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हवेतच पाहावे लागते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्याची रुंदी ८३.५ मेगाहर्ट्झ. एका वायफायला वीस लागतात, म्हणून एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मानल्या जातात: १, ६ आणि ११. टेकडीच्या उतारावर घराला घर लागून असलेल्या चाळीत ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ दिल्यावर यादी पडदाभर येते, आणि ती सगळी घरे याच तीन वाहिन्यांत दाटलेली असतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमध्ये तब्बल ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले. तो पट्टा भिंतीत लवकर अडतो, पण लहान घरात त्याचा त्रास कमी आणि फायदा जास्त. मात्र वर सांगितलेल्या ८७२३बीई आणि ४३१४२ या दोन्ही चिपांना ५ गिगाहर्ट्झ ऐकूच येत नाही. केबलवाल्याने नवा राउटर देताना फक्त ५ गिगाहर्ट्झचे नाव चालू ठेवले तर फोनला ते दिसते आणि लॅपटॉपला दिसत नाही. विंडोज असते तरी दिसले नसते. शिवाय प्रणालीने देश अमेरिका धरला असेल तर १२ आणि १३ या वाहिन्या बंद राहतात, आणि राउटर नेमका तेराव्यावर असला की त्याचे नावच यादीत येत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ने देशाचे अक्षर पाहावे, भारताचे ‘आयएन’ हवे. गर्दी खरी आहे, पण गर्दीने वेग मंदावतो आणि जोडणी डळमळते. नाव अजिबात न दिसण्याचे कारण तिच्यावर ढकलू नये.

राहिलेल्या कड्या लवकर तपासून होतात. ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल तर कीबोर्डवरची विमानाची कळ किंवा बाजूचे बटण पाहावे. विंडोज सोबत ठेवले असेल तर त्याचे फास्ट स्टार्टअप बंद करावे. नाहीतर ते कार्डाला अर्धवट झोपेत सोडून जाते. नेट लागून दर थोड्या वेळाने सुटत असेल तर वीजबचतीचा संशय धरावा. उबुंटूत नेटवर्कमॅनेजरच्या फाइलीत वायफाय पॉवरसेव्हपुढे ३ असते, ते २ केले की बचत बंद होते. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जात असेल तर राउटर निव्वळ डब्ल्यूपीए-३ या नव्या सुरक्षापद्धतीवर ठेवला आहे का ते पाहावे. जुन्या कार्डांना ते झेपत नाही. राउटरला पिंग जातो, ८.८.८.८ लाही जातो, पण संकेतस्थळ उघडत नाही, तर फक्त डीएनएस बदलायचे आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: सामान्य माणसाने हे का करावे, विंडोजवर तर आपोआप चालते. माणसाला यंत्राच्या पोटात शिरावे लागू नये, हे मला मान्य आहे. पण विंडोजवर ते चालते, कारण कारखान्यात कोणीतरी हेच काम आधी करून ठेवलेले असते. जुन्या लॅपटॉपवर विंडोज कोरे बसवले की वायफायच्या ड्रायव्हरसाठी तशीच शोधाशोध करावी लागू शकते, आणि तिथे बिघाडाची कारणे इतक्या उघडपणे हाती लागत नाहीत. दुसरा आक्षेप: काही शे रुपयांचा यूएसबी डोंगल घ्यावा, संपला विषय. चालतो, पण स्वस्त डोंगलांतही पुष्कळदा रिअलटेकच असते आणि डबीवर चिपचे नाव सहसा नसते. आत काय आहे हे न विचारता घेतले तर तोच प्रश्न पैसे देऊन विकत घेतला जातो. तिसरी गोष्ट आक्षेप नसून सवय आहे, आणि तिचा धोका सर्वांत मोठा आहे: कुठून तरी मिळालेल्या आज्ञा एकापाठोपाठ चिकटवत जाणे. त्या आज्ञा दुसऱ्या कोणाच्या तुटलेल्या कडीसाठी लिहिलेल्या असतात. त्यातली एखादी आपला चांगला ड्रायव्हर काळ्या यादीत टाकते, आणि मग जिथे एक दोष होता तिथे तीन होतात. जी आज्ञा कोणत्या कडीसाठी आहे हे सांगता येत नाही ती देऊ नये, आणि दिलेली प्रत्येक आज्ञा लिहून ठेवावी, म्हणजे उलटी फिरवता येते.

ज्याला टर्मिनलचाच धाक वाटतो त्याच्यासाठी भांडुपच्या शेजारीच, पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठी आवाजात उपलब्ध आहेत. एका वेळी एक आज्ञा, हळूहळू. आणि ज्यांनी अजून विंडोज पुसलेले नाही त्यांनी उबुंटू किंवा मिंट आधी पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालवून पाहावे. वरच्या बहुतेक परीक्षा तिथेच होतात: कार्डाचे आकडे, ड्रायव्हरचे नाव, नोंदवहीतला उणे दोन, राउटरशेजारचा सिग्नल. हे चार कागदावर उतरवून घ्यावेत. मदत मागायची वेळ आली तर समोरच्याला ‘वायफाय चालत नाही’ऐवजी या चार गोष्टी द्याव्यात, उत्तर लवकर आणि नेमके मिळते. पुढच्या लेखांकात झाकण मिटल्यावर न झोपणाऱ्या लॅपटॉपांकडे वळू.