आभाळाचे कायदे – भाग ६ : गच्चीवरचे विमान कोणत्या रकान्यात?

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानासाठी नांदेड गाठावे लागते. हवाई कायदा मात्र वसमतच्या हळदीपर्यंत पोचला आहे. फवारणीच्या ड्रोनला लागू होणारे २०२१ चे नियम आपण मागच्या भागात पाहिले. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लघु. यंत्र जितके जड, तितक्या अटी जास्त. माणूस आत बसल्यावर हे तत्त्व कितपत टिकते?

अमेरिकेने २००४ मध्ये हलक्या क्रीडा विमानांचा वेगळा वर्ग केला. तेव्हाची मर्यादा : वजन ६०० किलोपर्यंत, आसने दोन. मोठ्या विमानांसारखी सरकारी तपासणी इथे नाही. उद्योगाने ठरवलेली मानके पाळल्याची हमी उत्पादकच देतो. घरी बांधलेल्या विमानांचा वर्ग निराळा. त्यात वजनाची मर्यादा नाही, पण निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसांच्या हातची हवी, भाडे घेऊन प्रवासी न्यायचे नाहीत आणि सुरुवातीची उड्डाणे वस्तीपासून दूर करायची. आत बसणाऱ्याने धोका समजून-उमजून पत्करावा, खाली राहणाऱ्यावर तो लादला जाऊ नये, हा या अटींमागचा हिशोब.

आपल्याकडे या हिशोबाची परीक्षा कांदिवलीच्या चारकोपमध्ये झाली. वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०११ पासून ते नोंदणीसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, खेटे घालत होते. २०१४ मध्ये नियम बदलले आणि व्यक्तीने विमान बांधण्याची वाटच बंद झाली. ती मुभा फक्त कंपन्यांना उरली. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात हे विमान मुंबईत लोकांनी पाहिले, तरी नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळाला आणि २०२० मध्ये धुळ्यात विमान हवेत झेपावले.

सहा आसनांचे हे यंत्र ‘हलक्या क्रीडा विमानां’त बसले नसते, हे खरे. म्हणूनच हौशी बांधणीसाठी स्वतंत्र रकाना लागतो. तो असला तर अधिकारी सांधा तपासू शकतो, इंजिन चालवून पाहू शकतो, दोष दाखवून विमान नाकारूही शकतो. रकानाच नसेल तर त्याच्या हाती फक्त फाईल पुढे ढकलणे उरते, आणि त्याने सुरक्षितता तसूभरही वाढत नाही.

जून २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणाने हौशी आणि प्रायोगिक विमानांना आपल्या यादीत जागा दिली. धोरणाने दार किलकिले होते. आत जायचे तर बांधणारा कोण, तपासणार कोण, चाचणी कुठे, विमा कोणाचा, हे नियमांत लिहावे लागते. ड्रोनसाठी हे काम झाले आहे. माणूस नेणाऱ्या छोट्या यंत्रासाठीही ते तितक्याच स्वच्छपणे व्हावे. अटी कडक असल्या तरी चालेल, पण त्या आधी माहीत हव्यात.

(पुढील भागात : पॅराग्लायडिंग आणि पॅरामोटर)