प्रवेश मुलाखत

प्रवेश मुलाखत म्हणजे शिक्षणसंस्थेत प्रवेश देण्यापूर्वी संस्थेने नेमलेल्या मंडळाने उमेदवाराशी समोरासमोर केलेले संभाषण व त्यावरून केलेले गुणांकन होय. हिला तोंडी किंवा मौखिक परीक्षा असेही म्हणतात. भारतात अभियांत्रिकी व वैद्यकीय पदवीचे प्रवेश आता जवळजवळ सर्वत्र लेखी परीक्षेच्या गुणांवर होतात. मुलाखतीची पद्धत मुख्यतः व्यवस्थापन, संशोधन पदव्या, चित्रपट, नाट्य व अभिकल्प यांचे शिक्षण आणि सैनिकी प्रशिक्षण या क्षेत्रांत टिकून आहे. मुलाखतीला किती गुण असावेत हा प्रश्न अनेकदा न्यायालयांपुढे गेला असून या पद्धतीचे आजचे स्वरूप बऱ्याच अंशी त्या निकालांनी घडवले आहे.

न्यायालयीन निर्णय

म्हैसूर राज्यात अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी मुलाखतीला ऐच्छिक विषयांच्या कमाल गुणांच्या २५ टक्के गुण ठेवण्यात आले होते. चित्रलेखा विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ही पद्धत वैध ठरवली. न्यायमूर्ती ज. रा. मुधोळकर यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

या विषयातील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा निकाल अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब या खटल्यातील आहे. श्रीनगर येथील प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९७९–८० या वर्षाच्या प्रवेशासाठी १०० गुणांची लेखी परीक्षा आणि ५० गुणांची मुलाखत ठेवली होती. मुलाखतीचे गुण सामान्यज्ञान, एखाद्या विषयाची व्यापक समज, अभ्यासेतर उपक्रम आणि व्यक्तिमत्त्व अशा चार घटकांत विभागलेले होते. प्रवेश न मिळालेल्या उमेदवारांची तक्रार अशी होती, की प्रत्येकाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली गेली, प्रश्न आईवडील व राहण्याचे ठिकाण यांविषयीच विचारले गेले आणि लेखी परीक्षेत मागे पडलेले काही जण मुलाखतीतील भरघोस गुणांमुळे पुढे गेले.

सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १३ नोव्हेंबर १९८० रोजी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती प्र. ना. भगवती यांनी लिहिले. मुलाखत व्यक्तिसापेक्ष असते, तिच्यावर प्रथमदर्शनी मताचा प्रभाव पडतो आणि तिचा गैरवापर होऊ शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही ती सर्वस्वी टाकून देण्याजोगी नाही, लेखी परीक्षेला पूरक म्हणून तिला स्थान आहे, असे मत नोंदवले. एकूण गुणांच्या एकतृतीयांश गुण तोंडी परीक्षेला देणे मात्र मनमानीपणाचे ठरवून, महाविद्यालयीन प्रवेशात हे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक नसावे असे सांगितले. दोन-तीन मिनिटांत चारही घटकांची पारख होणे शक्य नाही, असेही न्यायालयाने म्हटले आणि शक्य असल्यास मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचना केली. दरम्यान बराच काळ लोटलेला असल्याने झालेले प्रवेश रद्द झाले नाहीत; डावलल्या गेलेल्यांपैकी गुणवत्तेत वरच्या ५० विद्यार्थ्यांना पुढील एका वर्षी जादा जागांवर सामावून घेण्याची तडजोड झाली. सरकारी साहाय्याने चालणारी संस्था ‘राज्य’ या संज्ञेत केव्हा येते, या प्रश्नासाठीही विधीचे विद्यार्थी हाच निकाल अभ्यासतात. प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्यातील मुलाखतीविषयीचा भाग अधिक जवळचा आहे.

१५ टक्क्यांची मर्यादा सरसकट लागू होत नाही. लीला धर विरुद्ध राजस्थान राज्य (१९८१) या खटल्यात न्यायालयाने प्रवेश आणि नोकरभरती यांत भेद केला. शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व अजून घडायचे असते, त्यामुळे तेथे लेखी परीक्षेवर भर असावा. प्रौढ उमेदवारांच्या निवडीत मुलाखतीला अधिक वजन देता येते, असा हा विचार आहे.

संशोधन पदव्यांबाबतचा वाद अलीकडचा आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात लेखी परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० गुण होते. मुलाखतीच्या गुणांत वंचित समाजघटकांतील उमेदवारांना तोटा होत असल्याचे तेथील अब्दुल नाफे समितीने २०१६ मध्ये निदर्शनास आणले आणि हे गुण १५ वर आणावेत अशी शिफारस केली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमकी उलट दिशा घेतली. आयोगाच्या नव्या नियमांनुसार लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती उरली आणि निवड मुलाखतीवर होऊ लागली. विद्यार्थी संघटनांनी याला तीव्र विरोध केला. २०१८ मध्ये आयोगाने ७०:३० हे प्रमाण स्वीकारले. दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या वर्षी संपूर्ण मुलाखताधारित निवड अमान्य केली.

वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची बाजू याहून निराळी होती. ग्रामीण भागात सेवा करण्याची वृत्ती असलेले विद्यार्थी निवडण्यासाठी ही संस्था काही दिवसांची मुलाखत व गटकार्ये घेत असे. ‘नीट’ सक्तीची झाल्यावर ही पद्धत चालवता येईना, तेव्हा २०१७ मध्ये संस्थेने एमबीबीएसच्या १०० जागांपैकी केवळ एक भरली. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२० रोजी ‘नीट’ची सक्ती अल्पसंख्याक संस्थांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. सेवाभाव लेखी परीक्षेने मोजता येत नाही, हा वेल्लोरचा युक्तिवाद त्याने खोटा ठरला असे म्हणता येत नाही. मात्र समान परीक्षेच्या तत्त्वापुढे तो टिकला नाही.

सध्याचे स्वरूप

भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये ‘कॅट’ या परीक्षेच्या निकालानंतर निवडक उमेदवारांना मुलाखतीस बोलावले जाते. दोन किंवा तीन सदस्यांचे मंडळ साधारण पंधरा ते तीस मिनिटे प्रश्न विचारते. त्याला जोडून बहुतेक संस्थांत एक लघुलेखन चाचणी असते. पूर्वी तिच्या जागी गटचर्चा होत असे. कोविड साथीच्या काळात या मुलाखती ऑनलाइन झाल्या. प्रश्नांचा मोठा भाग उमेदवाराच्या पदवीच्या विषयावर असतो. यंत्र अभियंत्याला उष्मागतिकीचे नियम, वाणिज्य पदवीधराला ताळेबंदातील एखादी नोंद, तर नोकरी केलेल्याला आपल्या कंपनीचा व्यवसाय समजावून सांगावा लागतो. अर्जात लिहिलेला छंद हे प्रश्नांचे हमखास निमित्त असते.

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी लेखी परीक्षेला ९०० आणि सेवा निवड मंडळाच्या चाचणीलाही ९०० गुण असतात. भोपाळ, प्रयागराज, बंगळूरु इत्यादी ठिकाणी ही चाचणी पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी प्राथमिक चाळणी होते आणि तीत न टिकलेले त्याच दिवशी परततात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत होते. मुलाखत घेणारा अधिकारी शाळा, गुण, मित्र, कुटुंब, खेळ यांविषयीचे दहा-बारा प्रश्न एका दमात विचारतो आणि उमेदवाराने ते लक्षात ठेवून क्रमाने उत्तरे द्यायची असतात. या प्रबोधिनीत महाराष्ट्रातील मुले अधिक संख्येने जावीत यासाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सेवापूर्व प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली. तेथील प्रवेशही लेखी परीक्षा व मुलाखतीनेच होतो.

पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था येथे मुलाखतीसोबत प्रत्यक्ष काम पाहण्यावर भर असतो.

शालेय प्रवेशात मात्र मुलाखतीला बंदी आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १३ नुसार बालकाची किंवा पालकांची चाळणी घेणाऱ्या शाळेस पहिल्या उल्लंघनासाठी २५,००० रुपयांपर्यंत व त्यापुढील प्रत्येक उल्लंघनासाठी ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तयारी

तयारीचा पाया उमेदवाराने स्वतः भरलेली माहिती हाच असतो, कारण मंडळासमोर तोच कागद असतो. त्यातील प्रत्येक नोंदीवर, म्हणजे गावाचे नाव, शिक्षणात पडलेला खंड, एखाद्या सत्रातील कमी गुण यांवर, दोन-तीन मिनिटे बोलता येणे अपेक्षित असते. नंतर पदवीच्या मूलभूत संकल्पनांची उजळणी आणि काही महिन्यांचे नियमित वृत्तपत्रवाचन येते. खासगी शिकवणी वर्ग सराव मुलाखती घेतात. त्यांतून बोलण्याची भीती कमी होते. मात्र तेथे पाठ केलेली उत्तरे एकाच साच्याची होतात आणि अनुभवी परीक्षकाच्या ती चटकन लक्षात येतात.

उत्तर येत नसल्यास तसे सरळ सांगणे हे अंदाजाने बोलत राहण्यापेक्षा श्रेयस्कर मानले जाते. परीक्षक अनेकदा मुद्दाम विरोधी मत मांडतात. उमेदवार आपले म्हणणे कारणांसह टिकवतो का आणि पटल्यास ते बदलतो का, हे त्यातून पाहिले जाते.

मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवारांपुढे भाषेची अडचण वेगळी असते. व्यवस्थापन संस्थांतील मुलाखती इंग्रजीत होतात. विषय पक्का असूनही वाक्य जुळवताना वेळ जातो आणि तो संकोच अज्ञान समजला जाण्याचा धोका असतो. अशा उमेदवारांना छोटी, साधी वाक्ये वापरण्याचा व आपल्याच विषयावर मोठ्याने बोलण्याचा रोजचा सराव उपयोगी पडतो. शिकवणीचे शुल्क परवडत नसल्यास महाविद्यालयातील प्राध्यापक किंवा माजी विद्यार्थी यांच्यासमोर हा सराव करता येतो.