गिटारला माईक लावावा की पिकअप?



डिसेंबर-जानेवारी आला की पेणपासून रोह्यापर्यंत शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. पटांगणात मांडव पडतो, दुपारी टेम्पोतून साऊंडवाल्याचे बॉक्स उतरतात आणि संध्याकाळी कार्यक्रम.

अशाच एका संमेलनात नववीतली एक मुलगी गिटार घेऊन स्टेजवर आली. दोन महिने सराव केला होता. गायकाचा माईक खाली वाकवून तिच्या गिटारसमोर धरला. पहिल्या रांगेलाही काही ऐकू येईना. साऊंडवाल्याने आवाज वाढवला, तर "कूंऽऽ" अशी शीळ घुमली आणि मुलं हसली. आवाज कमी केला, गिटार पुन्हा गायब! बिचारी तसंच वाजवून खाली उतरली. तिला वाटलं, आपलंच चुकलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. त्या जागेसाठी साधन चुकीचं निवडलं होतं. ते कसं निवडायचं, हे आज समजून घेऊ.

शीळ का येते?

माईक आवाज घेतो, अ‍ॅम्प्लिफायर तो मोठा करतो, बॉक्स तो बाहेर सोडतो. बाहेर पडलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, की पुन्हा मोठा होतो. हे चक्र सेकंदात कितीतरी वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत आवाज थोडा जरी वाढला, तरी शीळ सुरू होते. यालाच फीडबॅक म्हणतात.

गायक माईक अगदी तोंडाशी धरतो, म्हणून त्याचा आवाज जोरात पोहोचतो. गिटारचा आवाज मुळात नाजूक आणि माईकही थोडा लांब. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मग बटण वाढवावं लागतं, आणि बॉक्सचा आवाज माईकमध्ये शिरतो.

माईक कसा ऐकतो?

माईक हवेतली कंपनं पकडतो. स्टेजवरच्या नेहमीच्या डायनॅमिक माईकमध्ये एक पातळ पडदा असतो आणि त्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. पडदा हलला की वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. हे मायकल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं विद्युत चुंबकीय प्रवर्तनच आहे.

माईकचा मोठा गुण म्हणजे तो लाकडाचा खरा, भरीव आवाज देतो. पण हवेत जे जे आहे, ते सगळं तो ऐकतो. गणपतीतलं भजन आठवा. पेटीसमोरच्या माईकमध्ये शेजारचा पखवाज येतोच ना? तसंच गिटारचं होतं.

पिकअप कसा ऐकतो?

पिकअप हवेवर फारसा अवलंबून नसतो. तो वाद्याकडूनच कंपनं घेतो. याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

१) पिझो पिकअप : गिटारच्या ब्रिजवर एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर तारा टेकतात. या पट्टीखाली पिझो बसवतात. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज तयार होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधून काढलं. स्वयंपाकघरातला "टक्" करून ठिणगी पाडणारा गॅस लायटर याच तत्त्वावर चालतो. पिझोचा आवाज स्पष्ट असतो, पण जोरात वाजवलं की जरा पत्र्यासारखा, कोरडा वाटतो.

२) चुंबकीय पिकअप : हा गिटारच्या गोल भोकात बसवतात. यात चुंबक आणि वेटोळं असतं आणि लोखंडी तार हलली की वीज तयार होते. म्हणून नायलॉनच्या तारांच्या गिटारला हा चालत नाही! याचा आवाज गोड असतो, पण थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकतो.

मग निवड कशी करायची?

आधी किंमत विचारू नका. आधी विचारा : माझ्याभोवती किती आवाज आहे आणि बॉक्स किती जवळ आहेत?

• बंद, शांत वर्ग, एकटं वादन किंवा मोबाईलवर रेकॉर्डिंग : माईक.
• उघडं पटांगण, सोबत ढोलकी, कीबोर्ड, समूहगीत : पिकअप.
• उभं राहून, हलत-डुलत वाजवायचं असेल : पिकअप. माईकपासून एक वीत सरकलात तरी आवाज बदलतो.
• गिटारमध्ये पिकअप नसेल आणि लगेच बसवणं शक्य नसेल : माईकच, पण नीट लावलेला.

माईक नीट लावायचा म्हणजे कसा? गोल भोकासमोर धरू नका, आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटच्या समोर, १५ ते २० सेंटीमीटरवर ठेवा. बॉक्स माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून असू द्या. कलाकारांसाठी स्टेजवर बॉक्स असेल, तर तो माईकच्या पाठीकडे ठेवा, कारण बहुतेक स्टेज-माईक मागून कमी ऐकतात. कंडेन्सर माईक असेल, तर मिक्सरवरून सहसा ४८ व्होल्ट द्यावे लागतात. ते बटण चालू आहे का, पाहा.

पिकअप असला तरी हे सांभाळा

पिझोची तार थेट मिक्सरच्या माईकच्या जागी लावली, तर आवाज बारीक आणि किरकिरा येतो. त्याला मध्ये प्रीअँप लागतो. बऱ्याच गिटारमध्ये तो आतच असतो आणि ९ व्होल्टच्या सेलवर चालतो. मिक्सर लांब असेल, तर साऊंडवाल्याकडे डीआय बॉक्स मागा.

अशा बहुतेक गिटारमध्ये केबल घातली की सेल खर्च व्हायला लागतो, म्हणून वाजवून झालं की केबल काढा. आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. जूनआधी सेल काढून ठेवा, नाहीतर दमट हवेत तो पाझरतो आणि पत्त्या गंजतात.

पिकअपला शीळ येतच नाही, असंही नाही. बॉक्सच्या अगदी समोर उभं राहिलं, तर गिटारची पेटीच हलायला लागते आणि जाड "हूंऽऽ" असा आवाज येतो. दोन पावलं बाजूला व्हा. गोल भोकाला रबरी झाकण लावलं तरी फरक पडतो.

करून पाहा

बाकावर कान टेकवा आणि मित्राला दुसऱ्या टोकाला नखाने खरवडायला सांगा. मग कान उचलून तोच आवाज ऐका. टेकलेला कान म्हणजे पिकअप, उचललेला कान म्हणजे माईक. दोन्हींत काय फरक वाटला, आणि वर्गातला गलका कोणत्या वेळी जास्त ऐकू आला, ते वहीत लिहा.

शिक्षक मित्रांनाही एक विनंती. संमेलनाच्या दिवशी दुपारी, बॉक्स लागले की वाद्य वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला पाच मिनिटं स्टेजवर उभं करून आवाज तपासा. दोन महिन्यांच्या सरावाला एवढा मान मिळायलाच हवा.