बोधिधर्माची कथा आणि गरडीची माती

चिनी युद्धकला मूळची भारताची, कांचीपुरमच्या राजघराण्यातला बोधिधर्म हा भिक्षू सहाव्या शतकाच्या आसपास चीनमध्ये गेला आणि त्याने शाओलिन मठातल्या भिक्षूंना ती शिकवली, ही समजूत दक्षिण भारतात इतकी मुरलेली आहे की बंगळुरूतल्या कराटे आणि कुंग फूच्या वर्गांत ती इतिहास म्हणूनच सांगितली जाते. २०११ साली आलेल्या ‘एळाम अरिवु’ या तमिळ चित्रपटाने तर बोधिधर्मालाच पडद्यावर आणून ती आणखी दूरवर पोहोचवली. तिच्यामागचा अभिमान प्रामाणिक आहे, पण कागदपत्रांच्या कसोटीला ती उतरत नाही. शिवाय तिच्यामुळे चीनमध्ये शेकडो वर्षे घडत गेलेल्या एका विद्येचे श्रेय तिच्या घडवणाऱ्यांकडून काढून घेतले जाते, आणि त्याच बंगळुरूच्या जुन्या पेठांत मातीच्या आखाड्यात टिकून राहिलेली इथली विद्या मात्र दुर्लक्षितच राहते.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख ५४७ साली यांग शुआन्झी या लेखकाने लिहिलेल्या लुओयांग नगरीच्या मठांच्या वर्णनात येतो. तिथे तो पश्चिमेकडून आलेला इराणी भिक्षू असून एका भव्य मठाची शोभा पाहून हात जोडून उभा आहे, एवढेच सांगितले आहे. सुमारे शंभर वर्षांनी दाओश्वान या चरित्रकाराने त्याला दक्षिण भारतातला ब्राह्मण म्हटले; ध्यानमार्गाचा थोर आचार्य म्हणून त्याची कीर्ती पुढे वाढतच गेली. या जुन्या लेखनात मुष्टी, दंडा किंवा डावपेच यांचा शब्दही नाही. युद्धकलेशी त्याचे नाव जोडले गेले ते थेट १६२४ च्या सुमारास, ‘यीजिनजिंग’ म्हणजे स्नायू पालटण्याची पोथी या नावाच्या व्यायामग्रंथात. त्या ग्रंथाला थांग काळातल्या एका सेनापतीच्या नावाने प्रस्तावना जोडलेली आहे, पण तिच्यातले कालविपर्यास अठराव्या शतकातल्या चिनी पंडितांच्याच लक्षात आले होते. म्हणजे आज भारतात अभिमानाने सांगितली जाणारी कथा बोधिधर्मानंतर हजाराहून अधिक वर्षांनी चीनमध्येच रचली गेली, आणि ती खोटी असल्याचे दाखवून दिले तेही चिनी अभ्यासकांनीच.

शाओलिन मठाचा भारताशी संबंध मात्र खरा आहे. हा मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वेई राजवटीने बाथुओ या भारतीय भिक्षूसाठी बांधला. मठाच्या युद्धकीर्तीचा पहिला भक्कम पुरावा आहे तो ७२८ साली कोरलेला शिलालेख. ६२१ साली थांग राजपुत्र ली शिमिन याला प्रतिस्पर्ध्याविरुद्ध साहाय्य करणाऱ्या तेरा भिक्षूंची नोंद त्यात आहे, आणि त्यांच्यापैकी एकालाच सेनापतीचा हुद्दा मिळाला. हे भिक्षू कसे लढले, कोणत्या शस्त्राने लढले, याविषयी शिलालेख काहीच सांगत नाही. शाओलिनचे नाव गाजले ते सोळाव्या शतकात, मिंग काळात, आणि तेही दंड्यासाठी. १५५३ साली किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांशी भिक्षू दंडे घेऊनच लढले. दहाहून अधिक वर्षे मठात शिकलेल्या चेंग झोंगयोऊ याने सतराव्या शतकाच्या आरंभी या दंडविद्येवर सचित्र पुस्तक लिहिले. भिक्षू आता मुष्टीचा सराव का करतात, या प्रश्नाला त्यात दिलेले उत्तर असे की दंडा सिद्ध झाला आहे, मुष्टिविद्या अजून तेवढी पसरलेली नाही, म्हणून तिला पूर्णत्वाला न्यायचे आहे. जगाला ठाऊक असलेली शाओलिनची मुष्टी म्हणजे त्या मठातली धाकटी विद्या होय. आणखी लक्षणीय बाब अशी की या पुस्तकात दंडविद्येचा दैवी प्रवर्तक म्हणून बोधिधर्माचे नाव येत नाही, किन्नराचे येते. बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून गेलेला हा किन्नर तिथे मठाच्या स्वयंपाकघरातला दंडा उचलून बंडखोरांना पळवून लावणारा रक्षक झाला. भारताने शाओलिनला काय दिले, याचे याहून सुंदर उत्तर शोधूनही सापडणार नाही.

मठाच्या भिंतींबाहेर ही विद्या त्याहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकात रचलेल्या हान राजवटीच्या इतिहासातल्या ग्रंथसूचीत ‘शोऊबो’ म्हणजे हातांनी लढण्याच्या विद्येवरील सहा प्रकरणांच्या ग्रंथाचे नाव सैनिकी कौशल्यांखाली नोंदलेले आहे. ग्रंथ हरवला, पण ही लिहून ठेवलेली, आणि तीही सैनिकी विद्यांत मोडणारी विद्या होती, हे त्यावरून कळते. त्याच परंपरेतला छी जिगुआंग हा मिंग सेनापती १५६० च्या सुमारास चाच्यांशी लढण्यासाठी शेतकरी आणि खाणकामगार भरती करून सैन्य उभे करत होता, आणि त्याची बारा जणांची तुकडी ढाली, भाले, त्रिशूळ आणि फांद्यांसकट तोडलेले लांब बांबू घेऊन, एकमेकांना आडोसा देत पुढे सरकत असे. त्याच्या युद्धग्रंथात मुष्टीचे बत्तीस पवित्रे चित्रांसह दिले आहेत, आणि रणांगणात मुष्टीचा फारसा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे करण्यासाठी नवशिक्याने आधी तीच शिकावी, असेही त्याने स्पष्ट म्हटले आहे. ‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थही लढाई असा नाही, दीर्घ श्रमाने अंगी आलेले कसब असा आहे, आणि ते सुलेखनातले असू शकते किंवा स्वयंपाकातलेही. महाराष्ट्रातल्या तालमीत व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात, ती जाण या शब्दाच्या अगदी जवळची आहे. आज ताइची म्हणून ओळखली जाणारी संथ शैली हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकापासून वाढली.

विसाव्या शतकाच्या आरंभी, युद्धकलेच्या भरवशावर परकीयांशी लढलेल्या १९०० च्या बॉक्सर उठावाच्या पराभवानंतर, ही विद्या मागास ठरवली जाण्याची वेळ आली होती. तिला सावरण्यासाठी १९१० साली शांघायमध्ये जिंगवू संस्था निघाली, आणि १९२८ साली नानजिंगमध्ये केंद्रीय ‘क्वोशू’ म्हणजे राष्ट्रीय विद्या संस्थेची स्थापना झाली. तिथे आरंभी शाओलिन आणि वूदांग पर्वताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैली अशी दोन दालने केली होती, पण दोन्हीकडच्या वस्तादांत इतके खटके उडाले की ती विभागणीच मोडावी लागली. याच संस्थेत काम करणारा थांग हाओ हा वकील १९३० साली शाओलिन आणि वूदांग यांच्या दंतकथांची कागदोपत्री चिकित्सा करणारे पुस्तक घेऊन पुढे आला आणि बोधिधर्माची कथा त्याने निराधार ठरवली. परंपरेच्या अभिमान्यांचा रोष त्याने ओढवून घेतला. तरी ज्या विद्येवर आपले प्रेम आहे तिचा खरा इतिहास शोधण्याचे त्याचे धैर्य भारतीय वाचकालाही अनुकरणीय वाटावे.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने चीनच्या सहा पुरुष आणि तीन स्त्रियांच्या पथकाने जर्मनीत या विद्येची प्रात्यक्षिके केली, आणि त्याच वर्षी त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळ दाखवले. दोन्ही देशांत त्या काळी एकच गोष्ट चालू होती: घराण्यांत आणि गल्लीबोळांत वाढलेली विद्या राष्ट्राच्या नावाने एकत्र आणून ती ग्रंथांत आणि संस्थांत बसवणे. मराठीत बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी त्याच वर्षी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे काम प्रकाशात आणले, आणि त्याचे दहा खंड १९४९ पर्यंत पूर्ण केले. बंगळुरूत के. व्ही. अय्यर यांनी लोखंडी वजने आणि आसने यांचा मेळ घालणारी आपली ‘हर्क्युलिस’ व्यायामशाळा नावारूपाला आणली होती, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्यांचा प्रसार केला त्या सूर्यनमस्कारांवर १९३७ साली पुस्तकही लिहिले. पण चीनमध्ये शासनाने १९५० च्या दशकात ‘वूशू’ म्हणजे युद्धकलेचे ठराविक संच बांधले, स्पर्धेचे नियम केले, आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत तिला पदकांचा खेळ म्हणून आणले. कर्नाटकातल्या देशी लढतविद्येच्या वाट्याला असे काही आले नाही.

या विद्येचे घर म्हणजे ‘गरडी मने’. कन्नडमध्ये ‘गरडी’ म्हणजे आखाडा आणि ‘मने’ म्हणजे घर. मराठी वाचकाने नारायणराव पेशव्यांच्या खुनातल्या गारद्यांशी या शब्दाची गल्लत करू नये. बारीक चाळलेली लाल माती, भिंतीशी मुद्गर आणि दगडी गदा, आणि कोनाड्यात हनुमान, ही गरडीची ओळख कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या तालमीतून आलेल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. या परंपरेला लेखनाचा आधारही जुना आहे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यातल्या मल्लविनोदात मल्लांची प्रतवारी करताना ‘ज्येष्ठिक’ हा वरचा वर्ग सांगितला. मैसूरकडचे ‘जेट्टी’ आणि मराठीतला जुना ‘जेठी’ हे त्याच शब्दाचे वंशज मानले जातात. बंगळुरूची पेठ वसली त्याच सुमारास, म्हणजे १५३५ च्या आसपास, विजयनगरात आलेल्या नुनीज या पोर्तुगीजाने महानवमीच्या उत्सवात हातांतल्या टोकदार कड्यांनी एकमेकांना जखमी करणारे मल्ल पाहून नोंदवले आहेत.

ती लढत आजही मैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीला होते. डोक्यावर शेंडीपुरते केस ठेवलेले जेट्टी बोटांत ‘वज्रमुष्टी’ म्हणजे शिंगाचे किंवा हस्तिदंताचे टोकदार कडे घालून समोरासमोर येतात, बंगळुरूच्या जेट्टींनाही त्यात मान असतो, आणि एकाच्या डोक्यातून पहिले रक्त निघताच लढत थांबवली जाते. हे जेट्टी मल्लांइतकेच हाडवैद्य म्हणून ओळखले जात. बर्लिनला गेलेल्या चिनी पथकातला झेंग हुआइश्यान हा उडत्या त्रिशूळाचा खेळ दाखवणारा वस्तादही पुढे छेंगदूमध्ये हाडे बसवणारा नामांकित वैद्य झाला आणि त्याच्या पद्धतीचे खेळाडूंसाठी रुग्णालय उभे राहिले. हाड कुठे निखळते, हे ज्याला ठाऊक त्यालाच ते बसवता येते, या समान अनुभवातून दोन्हीकडे एकाच हाताला दोन्ही विद्या आल्या. त्यासाठी कोणी कोणाकडून काही उसने आणण्याची गरज पडली नाही.

बंगळुरूत गरडीचे कसब वर्षातून एकदा रस्त्यावर येते ते चैत्र पौर्णिमेच्या रात्री, करग उत्सवात. तिगळरपेठेतल्या धर्मराय स्वामी मंदिरातून स्त्रीवेशातला पुजारी फुलांनी मढवलेला उंच करग, म्हणजे कलश, डोक्यावर, हात न लावता, तोलत बाहेर पडतो, आणि त्याच्याभोवती गरडीत तयार झालेले वीरकुमार उघड्या तलवारी घेऊन चालतात. द्रौपदीने असुराशी लढण्यासाठी निर्माण केलेल्या सैन्याचे ते वंशज, अशी हा उत्सव सांभाळणाऱ्या तिगळ समाजाची श्रद्धा आहे, आणि करग कोसळला तर त्याच तलवारी पुजाऱ्यावर चालवायच्या, असा जुना दंडक सांगितला जातो. अरुंद गल्ल्यांत गर्दी अंगाला अंग लावून उभी असते, तरी पात्यांचे कडे सुटत नाही, आणि पहाटेपर्यंतच्या फेरीत ते तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यापाशी थांबून पुढे पेठांतून मंदिराकडे वळते.