रुग्णाशी बोलताना

परिचर्येच्या अभ्यासक्रमात 'रुग्णाशी संवाद' हा विषय असतो. माझी धाकटी बहीण तो शिकते. मी भाषेचा विद्यार्थी म्हणून त्याकडे पाहतो. 'दुखतं का?' असे विचारले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा भिडस्त रुग्ण 'हो' म्हणून मोकळा होतो, आणि त्या 'हो'वर उपचार चुकू शकतो. 'कुठं दुखतं, कधीपासून?' असे विचारून थांबले, तर तो बोलू लागतो. हे थांबणेच अवघड!

त्यातून रुग्ण माडिया असला, तर प्रश्नच कळायचा नाही. माडिया ही गोंडीप्रमाणे द्राविड कुळातली, मराठीच्या कुळातली नव्हे. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना ती शिकावीच लागली.

१९८६ मध्ये गडचिरोलीत आलेल्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींनाच विचारले, दवाखान्याची भीती का वाटते? उत्तर मिळाले : तिथले लोक पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात प्रेत गुंडाळतो, शिवाय नातलगांना रुग्णापासून दूर ठेवतात. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांसारखा बांधला गेला आणि नातलगांची राहण्याची सोय झाली.

बहीण हल्ली रुग्णाच्या आईला खाटेजवळ बसवूनच विचारपूस सुरू करते.